चौकशी

पहाटे सव्वातीनला फोन वाजला.
जेल रोडवरची कुत्रीसुद्धा गप्प,
निफाडकडची थंडी खिडकीच्या फटीतून
आत येऊन बसलेली.
केतकी म्हणाली, बाबा, गाडी रद्द झाली.
आधी वीस मिनिटं, मग पन्नास,
मग बोर्डावरून नावच गेलं.
हानोवर म्हणे. ते गाव मला
फक्त तिच्या तिकिटाच्या फोटोमुळे माहीत.

एकतीस वर्षं मी नाशिकरोडच्या चौकशी खिडकीत बसलो.
उशीर हे माझं खातं.
भुसावळहून काय सुटलंय, इगतपुरीला काय अडकलंय,
झोपेतून उठवून विचारलं असतं तरी
डोळे मिटून सांगितलं असतं.
पण हानोवर?

कुणाला विचारलंस?
विचारायला कुणी नाहीच, बाबा. खिडकीला पडदा ओढलाय.
एक यंत्र आहे. ते सॉरी म्हणतं
आणि पुढचं बटण दाखवतं.

सॉरीचं मला नको सांगूस, मनात म्हटलं.
आमचीही दिलगिरी टेपवर होती.
बाईंचा आवाज गोड होता.
त्या दिलगिरीने कुणाचं काही भागल्याचं
माझ्या तरी ऐकिवात नाही.

मग मी बोलत सुटलो, सुचेल तसं.
आधी काहीतरी खा. पोट रिकामं असलं की
दोन तासांचे चार होतात.
तिकीट जपून ठेव, शिक्का मिळाला तर घे,
पैसे परत मागताना कागद बोलतो, आपण नाही.
बॅगेवर बसू नकोस, चेन जाते.
आणि बोर्डाकडे नको, माणसांकडे बघ.
रद्द गाडीची माणसं लगेच ओळखू येतात,
जिथून काही येणार नसतं
तिकडेच तोंड करून उभी असतात.
त्यांच्यापाशी जाऊन उभी राहा.

ती हसली बहुतेक. की नाक ओढलं.
उणे तीन होतं तिकडे. बॅटरी अकरा टक्के.
म्हटलं, ठेव.

ठेवला. आणि अंधारात तो समोर आला.

साल आठवत नाही. तांबूस दाढी, पाठीवर पोतंभर बोजा,
पोटऱ्या डासांनी फोडून काढलेल्या.
घाटात मालगाडी घसरलेली, सगळंच रद्द.
काचेच्या भोकाशी वाकून त्याने विचारलं,
सावकाश, एकेक शब्द सुटा करून,
आपण लहान मुलाशी बोलतो तसं.
मी चहाची बशी ओठाला लावलेली.
म्हणालो, नो ट्रेन.
तो म्हणाला, देन?
मी म्हणालो, नेक्स्ट.

ते त्याच्यासाठी नव्हतंच.
त्याच्या मागे उभ्या असलेल्या धोतरवाल्यासाठी होतं.
पण त्याचा चेहरा उजळला. थँक यू म्हणाला, दोनदा.
आणि त्या नेक्स्टची वाट बघत
दोन नंबरच्या फलाटावर बाकावर बसला.
मला कळलं होतं.
सकाळी ड्यूटी सुटली तेव्हाही तो तिथेच होता,
मान ताठ, मनमाडच्या बाजूला नजर.
मी स्टँडवरून सायकल काढली.

पाच वाजता मेसेज आला:
तिघी मिळून टॅक्सी केली. एक पोलंडच्या आजी आहेत,
त्यांनी अर्धं सँडविच दिलं. अंड्याचं होतं. खाल्लं.
सुलभाने देवाला हात जोडले,
मग अंड्याचं कळल्यावर जरा थांबून पुन्हा जोडले.

मी थर्मास भरला, कानटोपी घातली.
बिटकोच्या चौकात प्रेसची पहिली पाळी गाड्यांवरून निघालेली.
स्टेशनात नेमक्या आज सगळ्या गाड्या वेळेवर.
कुणीही अडकलेलं नाही.
दोन नंबरच्या बाकावर बसलो.
झाडूवाला पोरगा माझ्या पायांपाशी थांबला.
काका, कुणाला न्यायला आलात?
म्हटलं, आहे एक जण. लेट आहे.
किती?

मी हिशेब करत राहिलो.
थर्मासचं झाकण काही केल्या निघेना.