योग्य त्या कार्यवाहीसाठी

रावेरच्या तहसीलसमोर, कडुनिंबाखाली
एकवीस वर्षं माझं टेबल आहे.
मशीनवर सगळ्यात झिजलेला शब्द: झाली.
मोजणी झाली. वाटणी झाली. तडजोड झाली.
मारहाण झाली,
संध्याकाळ होते तशी,
दव पडतं तसं,
कुणाचा हात न लागता.

हुरमतबी तडवी आली तेव्हा
उजवा हात गळ्यात बांधलेला.
सुकी नदीच्या पुलावर बसून ती
रात्री वाळूचे डंपर मोजायची,
नातीच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानापासून.
मी टाइप केलं: पुलावर मारहाण झाली.
भाऊ, झाली न्हाई, म्हणाली. केली.
नावं लिव्ह. तिघांची.
लिहिली.
तिसऱ्या नावाला कळा जरा हलक्या दाबल्या,
कार्बनखाली ते उमटलंच नाही.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका पोरीनं
ती प्रत कुठं कुठं पाठवली कोण जाणे.
पाच महिन्यांनी पत्र आलं,
जिथं अर्धं वर्ष बर्फ असतो
अशा देशाच्या वकिलातीचं.
पत्र एकच पान.
दिल्लीनं त्याला एक पान लावलं,
मुंबईनं दोन, जळगावनं चार,
प्रत्येकावर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी'.
रावेरला पोचेतो
वरातीत नवरदेव शोधावा
तसं ते शोधावं लागलं.

साहेब म्हणाले, याचं मराठी कर, पाचच्या आत.
तीव्र चिंता, असं होतं त्यात.
'झालेल्या' हल्ल्याबद्दल.
म्हणजे तिकडंही होतोच तर,
आपला आपण.

हुरमतबीला दुपारी हळूच वाचून दाखवलं.
वकिलात म्हंजे आपला वकील का?
नाही, त्यांचा. त्यांच्या सरकारचा.
मंग त्याहीले कायची चिंता?
मला टंकलेखन येतं, भाषांतर येतं,
याचं उत्तर आलं नाही.

खोटं कशाला बोलू, फरक पडला.
पुलावर दिवा लागला.
तिच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची,
खुर्चीत हवालदार इंगळे.
तो नातीचे सतराचे पाढे घ्यायचा,
स्वतः चुकायचा.
पंधरा दिवस एकही डंपर नाही.
वहीत तिनं नुसत्या तारखा लिहिल्या,
पुढं काही नाही.

वकिलातीला उत्तरही मीच टाइप केलं:
सदर महिला पाय घसरून पडली.
मे महिन्यात,
सुकी नावाच्या नदीवर.

मग एके दिवशी पेपरात फोटो.
दोन देशांचे हात हातात,
मागं भिंतीवर केळीच्या बागेचं चित्र.
त्या आठवड्यात सावद्याहून थंड कंटेनर निघाले,
हार घातलेले, नारळ फोडलेले,
कंटेनरच्या आत बर्फाच्या देशाची हवा.
इंगळेची ड्यूटी यात्रेच्या बंदोबस्ताला लागली.
खुर्ची राहिली.
तिच्यावर आता कोंबडी बसते.
दिवा आहे अजून. डंपरवाल्यांना
वळण घ्यायला बरं पडतं.

काल ती पुन्हा आली.
हात सुटलाय, पण मूठ वळत नाही.
वहीतली अक्षरं आता डाव्या हाताची,
कलत्या कुंपणासारखी.
एम एच एकोणीस, पुढं चिखल. असं बावीस वेळा.
त्या बर्फाच्या देशाले लिव्ह, म्हणाली:
तुमची चिंता भेटली.
आमची केळी तुमाले भेटली असतील.
आता नावं धाडते.

कागद चढवला. दोन कार्बन, तीन प्रती.
पहिलं नाव मारलं,
इतकं जोरात की कागदाला भोक पडलं
आणि चहावाला वळून बघायला लागला.
दुसरं मारलं.
मारहाण, मग एक जागा सोडून, केली.

तिसरं माझ्या साडूच्या पोराचं आहे.
दिवाळीला घरी येतो, पाया पडतो,
पाठीवर हात ठेवला की
घामाला वाळूचा वास.

कळांवर बोटं आहेत.
हुरमतबी समोरच्या पायरीवर बसलीय,
वही मांडीवर, पेन डाव्या हातात.
ती घाई करत नाहीये.