रस्त्यापलीकडची वही

मार्च सरता सरता तोकोनचा निरोप आला:
अकरा मेंढ्यांनी गाभ टाकला.
नारीनच्या खोऱ्यात रस्ता अर्धा बर्फ, अर्धा चिखल,
माझी जुनी निवा दोनदा रुतली.
तोकोन दारातच उभा. "माल-जान आमानबी?"
गुरं नि जीव खुशाल ना, असं आमच्याकडे
एका दमात विचारतात
आणि उत्तरासाठी कुणी थांबत नाही.

"गोठलेलं गवत खाल्लं त्यांनी," तो म्हणाला.
"नाहीतर लांडग्याला बुजल्या."
मी वार उचलून पाहिली.
चामड्यासारखी जाड, कडेला पिवळट.
लांडगा असं करत नाही.

मग सून चहा घेऊन आली. बर्मेत.
बाह्या कोपरापर्यंत, करंगळीला चीर,
कपाळावर घाम. बाहेर शून्याखाली सात.
मेलेली कोकरं कुणी ओढून काढली
हे विचारावं लागलं नाही.
"रात्री कपडे पिळावे लागतात," ती म्हणाली,
"सकाळी काहीच नसतं. डॉक्टर म्हणाले, सांधे.
चौथा महिना आहे, म्हणून असेल."

आमच्या भाषेत मेंढी गाभण असते
आणि बाई दोन जिवांची.
मान राखून शब्द वेगळे ठेवलेत.
जिवाणूला व्याकरण येत नाही.

मेंढ्यांचं रक्त काढलं. तेवढा माझा हक्क.
पांढऱ्या फरशीवर एक थेंब त्यांचा,
एक गुलाबी औषधाचा,
आणि हात डुलवत राहायचं चार मिनिटं,
पोर झोपवल्यासारखं.
दूध नासावं तसे कण धरले. अकरातले नऊ.
बर्मेतचं रक्त काढायची परवानगी मला नाही.
ती रस्त्यापलीकडे मिळते,
डॉक्टर एर्मेकच्या टेबलावर.

(सत्त्याऐंशी साली, कोल्खोझमध्ये,
मी बगलेपर्यंत हात घालून वासरं काढायची.
तीन वर्षं ताप आला, गेला, आला.
नसा कमकुवत, म्हणाले.
एकानं तर लग्न करून टाक असं लिहून दिलं.
गुडघे अजून त्या गाईचं नाव घेतात.)

"एजे, मेंढ्या तुमच्या, पेशंट माझे," एर्मेक म्हणाला.
चांगला मुलगा आहे. दमलेला. बाहेर बाकावर चौदा माणसं.
मी माझी वही त्याच्या वहीशेजारी उघडून ठेवली,
तळहातानं सपाट केली.
माझ्यात: सव्वीस फेब्रुवारी, तोकोनची पहिली मेंढी.
त्याच्यात: वीस मार्च, बर्मेत, सांधेदुखी.
माझ्यात: वरच्या आळीतल्या साबिराची शेळी.
त्याच्यात, पंचवीस दिवसांनी, साबिराचा नवरा, पाठ.
त्यानं पान उलटलं. मी उलटलं.
बाकावरचं कुणीतरी खोकलं.
मधे फक्त एक रस्ता होता,
त्यावरून मेंढ्या रोज जात होत्या.

त्या दुपारी त्याच्या फरशीवरही थेंब नासला.
दीड महिना गोळ्या. पोट राहिलं.
नेहमी राहत नाही. हे मी तिला सांगितलं नाही,
तिनंही विचारलं नाही,
फक्त दूध उतू जाईपर्यंत चुलीपाशी उभी राहायला लागली.

शरदात नवी कोकरं टोचायला गेले.
टोचायला म्हणजे, सुई नाही,
डोळ्यात एकच थेंब.
बर्मेतनं हातमोजे घालून डोकी धरली,
बाळ तोकोनच्या मांडीवर, टोपीत हरवलेलं.
"एवढंच?" ती म्हणाली.
कोकरानं पापणी मिटली. एवढंच.
दोनशे चाळीस डोकी होती,
संध्याकाळी माझा अंगठा वळेना.

परवा औषधाचं खोकं द्यायला पलीकडे गेले होते.
एर्मेकसमोर कुणी अनोळखी मेंढपाळ, तापानं लाल.
एर्मेकनं नाव विचारायच्या आधी म्हटलं,
"माल-जान आमानबी?"
माणूस सवयीनं मान हलवून मोकळा झाला.
पण एर्मेक पेन उघडून बसून राहिला,
"नाही, खरंच. मेंढ्या कशा आहेत?"