हातचा

ऑगस्टात अलाबामात सावलीलासुद्धा घाम फुटतो.
माझं दुकान पुलाला लागून. गळ, दोरा, गांडुळं,
आणि जाळीच्या पेटीत रातकिडे. डझनावर नाही, शेकड्यावर देते.
पुलाच्या अल्याड डार्बी, पल्याड पेल्टन.
दोन गावांत मिळून सिग्नल एक, तोही नुसता पिवळा लुकलुकणारा,
शाळा मात्र दोन, संघ दोन.
माणसं एकमेकांच्या मयताला जातात,
शुक्रवारी रात्री ओळख दाखवत नाहीत.

ओडेल टार्व्हर हिरव्या टोपीतला, आमच्याकडचा.
रस्किन गॅडी केशरी टोपीतला, पलीकडचा.
सकाळी सातला येतात. मासे हे निमित्त.
उकडलेल्या शेंगा खातात, टरफलं माझ्या फरशीवर.

"तुमचा क्वार्टरबॅक गेला म्हणे."
"बारावी पास झाला, गेला. तुमच्यात ती भानगड नसते,
तुमची पोरं एकेका इयत्तेत मुक्काम ठोकतात."
"आणि ते होलब्रुकचे जुळे?"
"कागदाची गिरणी बंद पडली ना. बापाला जॉर्जियात काम लागलं.
पाचशे दहा पौंड एका ट्रकमध्ये बसून निघून गेले,
आमची अख्खी डावी बाजू."
रस्किन वाईट वाटल्यासारखं तोंड करतो. जमत नाही त्याला.
"आमचा टायरेल फौजेत. डेमेट्रिअसचा गुडघा."
"गुडघा तर डिसेंबरातच गेलेला."
"गेलेला. पण आम्ही मानत नव्हतो."

मग येणाऱ्यांचं कौतुक.
पेल्टनात म्हणे नववीतलं एक पोर आहे,
चौदा नंबरचा बूट, अजून वाढतंय.
"झाडही वाढतं रे. धावतं का?"
"घोडामैदान जवळच आहे, ओडेल."
ओडेल पेंडीच्या बिलामागे रकाने आखतो:
राहिले. गेले.
दुसरा रकाना पान उलटून पुढे जातो.

मी एका गिऱ्हाइकासाठी रातकिडे मोजत होते.
चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी.

"आणि तो तुमचा किकर? डावखुऱ्या पायाचा?"
पेन्सिल थांबली.
ओडेलनं माझ्याकडे पाहिलं नाही, इतकं नीट पाहिलं नाही
की मला कळलं.

कॉर्बिन. माझा.
जूनमध्ये न्यायाधीशबाई म्हणाल्या, सोळाचा आहे, त्यालाच ठरवू दे.
त्यानं टल्सा ठरवलं. बाप ठरवला.
रविवारी फोन करतो. जेवलास का विचारलं की हो म्हणतो,
आणि मग आम्ही दोघंही तिथली हवा कशी आहे ते बोलतो.
मागच्या कुंपणाच्या फळ्यांवर चेंडूचे डाग आहेत अजून.
रंग आणून ठेवलाय. डबा उघडलेला नाही.

ओडेलनं लिहिलं. बारीक अक्षरात,
जणू बारीक लिहिलं तर कमी गेला असता.

रस्किन टरफल चिवडत राहिला.
"एक्केचाळीस यार्ड," तो म्हणाला, "चिखलात. शेवटचे चार सेकंद.
मी खांबांच्या मागेच उभा होतो. चेंडू सरळ माझ्याकडे आला.
त्या पोरावर मी वर्षभर चिडायचं ठरवलं होतं."
मग टोपी काढून तो तिच्या आत बघत बसला.
"आता कोणावर चिडू?"

शाळेत आम्हाला शिकवलं होतं,
बेरजेत हातचा विसरायचा नाही,
वजाबाकीत कमी पडला तर शेजारच्याकडून घ्यायचा.
किती झाले होते मला आठवेना.
पंच्याऐंशी की पंच्याण्णव,
आणि पेटीचं झाकण उघडंच राहिलेलं.

पहिला रातकिडा ओडेलच्या बिलावर उतरला.
मग सगळीकडेच. शेंगांत, गल्ल्यावर, गिऱ्हाइकाच्या दाढीत.
साठी उलटलेली दोन माणसं गुडघ्यांवर, टोप्या पालथ्या घालत,
हिरवी इथे, केशरी तिथे.
"डावीकडून अडव!" ओडेल ओरडला, "डावीकडून!"
"डावी बाजू जॉर्जियात आहे तुझी," रस्किन फळीखालून म्हणाला,
आणि डावीकडे सरकला.