विज्ञान सल्लागार, दिवसाला आठशे रुपये

वागळे इस्टेटमध्ये, जिथे पूर्वी बॉलबेअरिंगं व्हायची,
त्या शेडमध्ये आता अंतराळयान उभं आहे.
थर्माकोलचं, वर चंदेरी रंग,
आणि चालकासमोरची सगळी बटणं
भंगारातल्या वॉशिंग मशीनची.
एकावर अजून पुसट वाचता येतं : फक्त पिळणे.

बत्तीस वर्षं मी मुलींना लंबकाचे हेलकावे मोजायला लावले,
आकडा जुळला नाही की जर्नल परत.
आता प्रणित म्हात्रे विचारतो,
"मॅडम, एवढं सांगा, हे चालेल का?"
आणि मी चालणार नाही म्हटलं की
"चालवून घेऊ," म्हणतो.

पोकळीत स्फोटाचा आवाज येत नाही, मी म्हणाले.
साउंडवाला सादिक हसला,
मॅडम, लोकांच्या घरी कुकर चालू असतो,
धडाम् नाही केलं तर मान वर कोण करेल?
मुद्दा पटला. स्फोट मी सोडला.
वजनरहित अवस्थेतही नायिकेचा पदर खांद्यावरच राहतो,
तोही सोडला. पिन लावलीय, भूमी म्हणाली,
आणि पिन हे शास्त्रीय स्पष्टीकरण आहे.

अडले ते भाग सदतीसला.
यान गुरूजवळ. आई नौपाड्यात.
ती म्हणते, "जेवलास का रे?"
आणि हा लगेच, "हो आई."

नाही, म्हटलं.
प्रकाशालाच तिथे पोचायला चाळीसएक मिनिटं लागतात,
यायला तेवढीच.
आईने विचारावं, भांडी घासावीत, दळण घेऊन यावं,
तेव्हा कुठे उत्तर.
प्रणितने घड्याळावर बोट ठेवलं.
"अख्खा भाग बावीस मिनिटांचा, मॅडम.
त्यात तीनदा साबण."

घरचं मी कुणाला सांगत नाही.
त्या दिवशी सांगितलं, वायरींच्या वेटोळ्यात उभी असताना,
की दोन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आल्यापासून
खारेगावात आमच्याकडे
चहा हवा का विचारलं
की मी गॅस लावते, आलं किसते,
दूध वर यायला लागतं, तेव्हा
मागून येतं : "हो."
सुरुवातीला दोनदा विचारायचे.
दुसरा प्रश्न पहिल्या उत्तराला वाटेत आडवा जायचा,
दोन्ही हरवायचे.
आता एकदाच विचारते.
उत्तर निघालेलं असतं. अंतर मोठं आहे, एवढंच.

कुणी बोललं नाही. जनरेटर तेवढा बोलत होता.
मग आईचं काम करणाऱ्या इंदुमती नाडकर्णी म्हणाल्या,
"लावा कॅमेरा. मी थांबते."

त्यांनी विचारलं, जेवलास का रे.
आणि पडद्याकडे बघत राहिल्या.
पदराला हात पुसले, कोरडेच होते.
उठून काहीतरी झाकून आल्या, परत बसल्या.
सादिकने आवाजाची पट्टी पार खाली नेली,
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
अकरा सेकंद.

चॅनेलने चार ठेवले.
मागे बासरी घातली.

भाग लागला त्या रात्री आम्ही दोघांनी बघितला.
मी मोजले. साडेतीनच होते.
स्फोट मात्र जोरदार, शोकेसची काच थरथरली.
जाहिरात आली तेव्हा विचारलं, "बरा वाटला का?"
साबण झाला, बँक झाली, पुढच्या भागाची झलक झाली.
मी टीव्ही बंद केला, त्यांच्या गोळ्या दिल्या,
मच्छरदाणीचं चौथं टोक नेहमीप्रमाणे
खिळ्याला पुरेना, ते कपाटाच्या दाराला बांधलं.
बाहेर नाशिककडचे ट्रक चालले होते, एकामागून एक.

"आवाज," ते अंधारात म्हणाले.
आणि बऱ्याच वेळाने,
"आवाज यायला नको होता."