डावं वळण

एकतीस वर्षं ओरिस्यानं शाळेची बस चालवली,
उणे तीसमध्ये, बर्फ आडवा उडत असताना,
मागे चाळीस पोरं, त्यातलं एखादं ओकणारं,
आणि आरशात न बघताच ती म्हणायची,
"पेत्रो, खाली बस."

आता जुन्या ब्युइकमध्ये आम्ही दोघंच.
माझ्या नजरेच्या मधोमध राखाडी डाग,
कडेकडेनं दिसेल तेवढं जग माझं.
तिला सगळं दिसतं.
डॉक्टरीणही म्हणाली, डोळे वयाच्या मानानं उत्तम.

पण हायवेला लागायचं तर डावीकडे वळावं लागतं,
आणि इथे गाड्या उजव्या अंगानं धावतात,
म्हणजे समोरच्यांना छेदूनच जायचं.
ती थांबते. बघते.
गव्हाचा ट्रक येतोय हे दिसतं तिला;
किती वेगानं, ते मागाहून पोचतं,
आमच्या टपालासारखं:
येतं, नक्की येतं,
फक्त बुधवारचं शुक्रवारी.

म्हणून मी म्हणतो, "थांब." मग, "हं, आता."
ट्रक मला ऐकू येतो.
काच खाली ठेवतो, जानेवारीतसुद्धा.
ती का म्हणून विचारत नाही,
मी सांगत नाही.
वर्षभर एक डोकं दोघांनी मिळून वापरलं.

मग यॉर्कटनहून परीक्षेचं पत्र आलं.
शेवटी बारीक अक्षरात:
गाडी परत नेणारं कुणी सोबत आणा.
लारिसाला, भाचीला, घेऊन गेलो.

घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.
काढलं.
आकडा, मग अक्षर, मग आकडा, रेघेनं जोडा.
एक, ए, दोन, बी, तीन,
आणि पेन्सिल "व्ही" शोधत निघाली.
आईनं चुलीपाशी शिकवलेल्या युक्रेनी मुळाक्षरांत
"ब"नंतर "व"च येतो.
समोरच्या पोरीनं काहीतरी लिहून घेतलं.

रस्त्यावरच्या परीक्षेला मला बसू दिलं नाही.
बाकावर मी, मांडीवर तिची पर्स.
वीस मिनिटांचं काम,
बाराव्या मिनिटाला परत आली.

कोट काढता काढता म्हणाली,
"तू नव्हतास, म्हणून मी काच खाली केली.
नुसता वारा आला रे."

परतताना लारिसा चालवत होती.
ओरिस्या मागे, पोरांच्या जागी,
हात मांडीवर, दहा आणि दोनवर ठेवल्यासारखे.
हायवेच्या तोंडाशी
आम्ही दोघं एकदमच म्हणालो,
"हं, आता."

लारिसा केव्हाच वळली होती.