'ट'चं पान

मामा तलावाची पार मोजायला ती आली तेव्हा
अभ्यागतांच्या वहीत नाव मीच उतरवलं.
सीत्स्के टर्पस्ट्रा.
तीन वेळा बोलायला लावलं, चौथ्यांदा पेन टेकवलं.
भागरताबाईनं चहा देता देता तिची सीता करून टाकली
आणि आडनाव बुडालं कपात, बिस्किटासारखं.

मी मात्र आडनावाचा माणूस.
ग्रामपंचायतीत आत्ता बसतो; त्याआधी एकतीस वर्षं
शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात
पोट्ट्यांच्या बापजाद्यांना काना-मात्रा दिल्या.
दिघोरीहून आले ते दिघोरे,
लांजीहून आले ते लांजेवार,
आणि एका श्रावणात, हेडमास्तर दाढ धरून घरी,
मी एका घराण्याचा अनुस्वार खाल्ला.
शेंडे होते, शेडे झाले.
सख्खे भाऊ आता तहसिलीत एकमेकांना सिद्ध करत फिरतात
आणि बाजारात मला रामराम घालत नाहीत.

ती म्हणाली, दुभाष्या पोराच्या तोंडून,
आमच्या फ्रिसलंडात शेवटचा 'स्ट्रा' म्हणजे
तिथला. तिथं बसलेला.
म्हटलं, आमचा 'कर'.
कोपऱ्यावरचा तो हूक्स्ट्रा,
पारीवरचा डाइक्स्ट्रा. हे माझ्या आईचं माहेर.
हे ऐकून पाणकर भाऊराव उगाच ताठ उभा राहिला,
जन्म पारीवर गेला त्याचा,
आडनाव मात्र कुठल्या तरी कोंबड्यावरून.

आणि टर्प?
ती उकिडवी बसली, ओल्या मातीचा ढीग केला,
वर एक शिंगाडा ठेवला.
समुद्र चढून यायचा तेव्हा माणसं, गाई, चूल,
सगळं असं वर.
शेण, राख, माती, पुन्हा शेण,
शेकडो वर्षं पायाखाली थापत राहिले,
बांध घालायची अक्कल यायच्या आधी.

टेकाड, मी म्हणालो.
मग छातीवर हात ठेवून: टेकाडे. हिरामण टेकाडे.
दुभाष्या पोरगा पहिल्यांदाच निवांत बसला.

दोनशे वर्षांमागं म्हणे फ्रान्सच्या बादशहाचं फर्मान आलं,
ज्याला आडनाव नाही त्यानं लिहून द्यावं.
मला त्या रांगेतलं कोणी दिसेना,
टेबलापलीकडचा कारकून दिसला,
थंडीनं आखडलेली बोटं, संपत आलेली शाई,
बाहेर अजून अर्धं गाव.
त्यानंही एखादं अक्षर खाल्लं असेल.
भूक लागते, बाप्पा.

तुमचं टेकाड दाखवा, म्हणाली.
आश्रमशाळेच्या मागं नेलं तिला.
तिथं खड्डा आहे.
कालव्याच्या रस्त्याला मुरूम लागला, त्या साली गेलं ते,
दीडशे ट्रिपांत. हिशेबही मीच लिहिलेला.
आता पोट्टे म्हशी धुतात.
वाटलं, हसेल. हसली नाही.
आमचंही नेलं, म्हणाली. माती कसदार होती ना,
नावा भरभरून शेतकऱ्यांना विकली.
मधोमध चर्च होतं म्हणून तेवढं सोडलं,
बाकी कापून नेलं भाकरीच्या चतकोरासारखं.
खड्ड्याच्या काठावर आम्ही दोघं जरा वेळ उभे,
एक टेकाडे, एक टर्पस्ट्रा,
आणि एक म्हैस आमच्याकडं बघत.

ती गेली. पार चौदाशे वीस मीटर भरली.
वहीत 'ट'चं पान उघडंच होतं
तेव्हा टेकामांची फुलवंता सही करायला आली,
शिलाई मशीनच्या यादीसाठी.
सवय लागली होती, विचारलं,
टेकाम म्हणजे काय, बाई?
टेका म्हणजे साग, गुरुजी. आजी सांगे.
आणि साग कुठाय तुमच्या टोल्यावर?
तिनं झपकन सही केली, पेनाला टोपण लावलं,
माझ्या टेबलाकडं पाहिलं एकदा
आणि निघून गेली.

त्या दिवशी तिथं कोपर टेकवायचं
जिवावर आलं.