लघुकोन

शिंप्याने अंगरख्याचं कापड कापून नेल्यावर
खाली उरते ना कातरण, तशी ही जागा.
एका अंगाला ट्रामचा बंद पडलेला रस्ता,
दुसऱ्या अंगाला स्लॅबखाली बुजवलेला ओढा,
आणि दोघांची गाठ पडते तिथे
रुंदी एक मीटर चाळीस.
तिबिलिसीत असे तुकडे पुष्कळ. माझ्या वाट्याला हा.

ओतार म्हणाला, खाली दुकानं, वर आठ घरं,
आणि वाझाची भट्टी हलवायची नाही.
भट्टी म्हणजे मातीचा रांजण,
माणूस कमरेपर्यंत आत वाकेल एवढा.
वाझा पहाटे चारला पेटवतो.
त्याच्या बापानेही इथेच भुवया जाळून घेतल्या.

मी सात नकाशे काढले.
एकात जिना टोकाला: पलंग वर चढेना.
एकात फ्रिजचं दार उघडलं की माणूस घराबाहेर.
एक मीच फाडला.
शाळेत दोन रेघांत काढलेला लघुकोन
इतका कोणाकोणाचा असतो, कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या आंधळ्या भिंतीला, तिसऱ्या मजल्यावर,
एक खिडकी आहे. कागदोपत्री नाही.
नियमाने मी ती बुजवू शकते.
एतेरीने दार उघडलं, कोण म्हणून विचारलं नाही,
ओट्यापाशी स्टूल सरकवलं:
"बस. यायला वेळ आहे त्याला."
अकरा वाजून दहा मिनिटांनी ऊन आलं,
आधी तेलाच्या बाटलीवर,
मग तिच्या गुडघ्यांवर, आणि ती ते
मलमासारखं दोन्ही हातांनी चोळत राहिली.
बारा वाजायच्या आत उठून गेलं.
वहीत लिहायचं होतं: पंचेचाळीस मिनिटं.
लिहिलं: गुडघे.

आठव्या नकाशात इमारतीच्या बरगडीत
मी खाच घेतली, त्या खिडकीसमोर.
खाचेत जिना, उघडा,
जिन्याला खेटून भट्टीचं धुराडं,
म्हणजे चार मजल्यांची भिंत पहाटेपासून कोमट.
लोक ओले मोजे तिथेच टांगणार.
तसं लिहिलं नाही, पण खुंट्या दाखवल्या.
घरं सात.

ओतारने बोटांवर मोजली. पुन्हा मोजली.
"आठव्याचे पैसे कोण देणार? ती खिडकी?"
मी गप्प.
वाझा पिठाळ हातांनी नकाशा गोल फिरवत होता,
त्याला रस्ता कुठल्या बाजूला तेच कळेना.
मग टोकावर अंगठा टेकवला:
"इथे काय?"
काही नाही, म्हटलं. इथे काहीच बसत नाही.
"माझा आकडा बसेल. रोटी काढायचा.
दोन मीटर आहे, कुठेही टेकवला की घसरतो मेला."

अंगठा उचलला तरी कागदावर पीठ राहिलं.
मी ते झटकलं नाही,
भोवतीने पेन्सिल फिरवली.

ओतार बराच वेळ बघत होता.
मग म्हणाला,
माप लिही त्याचं.